घर बंद होतं का?

प्रिय बुटके,

आता तू माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच आहेस हे मला दिसतं, पण नाव एकदा पडलं की पडलं. तुझा मेसेज मिळाला. दोन ओळींचा प्रश्न, आणि मी त्याला हे एवढं मोठं पत्र लिहायला बसले आहे, म्हणजे मावशी म्हातारी झाली असं तू म्हणशील. म्हण. तू विचारलं आहेस की चौदा वर्षांपूर्वी मी तुमच्या तळघरात रेडॉनची चाचणी केली होती, तिच्या अहवालाची प्रत असेल तर पाठव, म्हणजे पुन्हा मोजत बसायला नको. रंगारी सोमवारपासून खालची खोली घेतोय. प्रत आहे. आत्ता टेबलावर समोरच पडली आहे. आकडा बासष्ट, म्हणजे उत्तम. पण ती मी पाठवत नाही, आणि का पाठवत नाही ते फोनवर सांगणं मला जमणार नाही. मी फोनवर काही महत्त्वाचं बोलायला लागले की तू म्हणतेस, 'मावशी, बाळ उठलं,' आणि बाळ खरंच उठलेलं असतं. मला या वेळी अर्ध्यावर थांबायची सबब नको आहे, म्हणून कागद घेतला. बाळाला जावईबापूंच्या मांडीवर दे, दार लावून घे आणि सलग वाच. मधलं गाळू नकोस. मी आयुष्यभर अहवाल लिहिले, पत्रं नाही, त्यामुळे पत्राला अहवालाचा वास आला तर सांभाळून घे.

खालची खोली तुला का हवी हे मला कळतं. दिवसभर कान लावून सिनेमाचे संवाद ऐकायचे आणि पडद्याखालच्या ओळी लिहायच्या, तर शांतता हवीच. रस्त्याचा आवाज तिथे येत नाही, उन्हाळ्यात गार असते, आणि पाळणा शेजारी ठेवून तुला काम करता येईल. म्हणजे तू दिवसाचे आठ तास आणि बाळ चोवीसपैकी अठरा तास, अशी तुम्ही दोघं जमिनीखाली राहणार. हिशेब माझा नेहमीचा आहे, हसू नकोस. माझ्या धंद्यात घर केवढं, किती जुनं, किती देखणं, याला काही किंमत नाही. कोण कुठल्या खोलीत किती तास श्वास घेतो, एवढंच आम्ही विचारतो.

तू ज्याला इतकी वर्षं 'मावशीचं गॅसचं खूळ' म्हणत आलीस ते एकदा नीट सांगते, कारण तू ते कधीच नीट ऐकलेलं नाहीस. जमिनीत आणि खडकात युरेनियम असतं, थोडं थोडं सगळीकडेच. ते आपलं आपण झिजत असतं आणि त्या झिजण्यातून रेडॉन हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्यानं खोकला येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, डोकं दुखत नाही. मोकळ्या रानात निघाला तर वाऱ्याबरोबर विरून जातो. घराखाली निघाला तर फरशीची भेग, भिंत जमिनीला मिळते तिथली फट, नळ आत येतो त्याच्या भोवतालची पोकळी, अशी मिळेल ती वाट धरून आत येतो आणि सगळ्यांत खालच्या खोलीत साचतो. श्वासाबरोबर आत गेला की त्याच्यापासून होणारे कण फुफ्फुसाच्या अस्तराला चिकटतात आणि तिथे बसून किरण सोडत राहतात. एका दिवसात काही बिघडत नाही, एका महिन्यातही नाही. वर्षं लागतात. सिगारेटच्या खालोखाल फुफ्फुसाच्या कॅन्सरचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे, आणि ज्यानं कधीकाळी सिगारेट ओढली त्याच्या बाबतीत तर दोन्ही एकत्र आली की नुसत्या बेरजेपेक्षा जास्त होतं. शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाच, पुढे लागणार आहे.

मोजायला मात्र अगदी सोपं. कोळशाची पूड भरलेली एक चपटी डबी असते. झाकण काढून ती खोलीत गुडघ्याच्या वर आणि डोक्याच्या खाली, खिडकीपासून, दारापासून, पंख्यापासून लांब ठेवायची. चार दिवस तिला हात लावायचा नाही. बारा तास आधीपासून डबी उचलेपर्यंत घराच्या खिडक्या बंद ठेवायच्या. दारातून येणं-जाणं करावं, पण दार उघडं टाकून गप्पा मारत उभं राहायचं नाही. नंतर डबी बंद करून प्रयोगशाळेत पाठवायची. एवढंच. आणि एवढंच करायला माणसांच्या नाकी नऊ येतात. एका बाईंनी डबीवर धूळ बसू नये म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवली होती. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी सरकारी वस्तू म्हणून कपाटात कुलूपबंद केली आणि किल्ली माझ्या हातात दिली. एका घरी ती फ्रीजमध्ये सापडली. घर विकायला काढलेले लोक सगळं घर उघडं टाकतात, त्यांचं सोड, ते मुद्दाम करतात. पण बाकीचे वाईट बुद्धीनं करत नाहीत. त्यांना ती डबी पाहुणी वाटते. घरात पाहुणा आला की आपण जे करतो तेच ते करतात.

आता चौदा वर्षांपूर्वीचं. तू तेव्हा सोळा वर्षांची होतीस आणि शाळेच्या सहलीला गेली होतीस, म्हणून चाचणीच्या त्या चार दिवसांतलं तुला काही आठवणार नाही. माझी शाळेच्या प्रयोगशाळेतली नोकरी गेली होती आणि नवराही गेला होता, अर्थात तो आपल्या पायांनी. वर्षभर मी तुमच्या माडीवरच्या खोलीत राहत होते. ताई मला रोज नवं काहीतरी सुचवायची आणि मी रोज तिच्यावर खेकसायची. तुझे बाबा काही सुचवत नसत. एक दिवस त्यांनी वर्तमानपत्रातली जाहिरात कापून माझ्या ताटाशेजारी ठेवली. बाइंडरच्या सुरीनं कापलेली, चारही कडा ओळंब्यात, मागे पुठ्ठा चिकटवलेला. जाहिरात नव्हे, निमंत्रणपत्रिका वाटावी. घरांतला रेडॉन मोजणारे हवेत, प्रयोगशाळेचा अनुभव असल्यास प्राधान्य. भाऊजींनी तो तुकडा ठेवला नसता तर मी आज कुठे असते, मला सांगता येत नाही. मी त्यांची किती ऋणी आहे हे त्यांना कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते लाजून तळघरात निघून गेले असते.

नोकरी लागली, मी भाड्याच्या खोलीत राहायला गेले. नोकरी पक्की व्हायला तीन महिन्यांत दहा घरं स्वतंत्रपणे मोजून त्यांचे अहवाल द्यावे लागत. नऊ झाली. दहाव्या घरच्या माणसानं डबी कचऱ्यात टाकली आणि वर मलाच विचारलं की तुम्ही काही शोधायला आला होतात का. मुदतीला आठ दिवस राहिले. तेव्हा मी तुमच्याकडे आले. तुझ्या बाबांना मी सगळं समजावून सांगितलं आणि त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलासारखं मान हलवून ऐकून घेतलं. खिडक्या बंद ठेवायच्या म्हटल्यावर ते हसलेसुद्धा. पुस्तकं बांधायच्या त्यांच्या तळघराच्या खिडक्या बंदच असायच्या. मागच्या अंगणाच्या पातळीला आलेल्या त्या दोन आडव्या खिडक्या तुला आठवतात ना? उघडल्या की सुटी पानं उडायची, दमट हवेनं पुठ्ठे वाकायचे, खळ वेळेवर वाळायची नाही. म्हणून बाराही महिने बंद. ताई तर खाली पाऊलच टाकत नसे, सरसाचा वास तिच्या डोक्यात जायचा. भाऊजी मात्र सकाळी नऊला खाली उतरत ते संध्याकाळी सातला वर येत. मी दाबयंत्राच्या बाजूच्या फळीवर डबी ठेवली, झाकण काढलं, वेळ लिहिली आणि निघाले.

चौथ्या दिवशी दुपारी डबी उचलायला आले ती मागच्या गल्लीतून. अंगणात शिरले तर दोन्ही खिडक्या सताड उघड्या. वाकून पाहिलं. आत भाऊजी काम करत होते. पानांच्या प्रत्येक गठ्ठ्यावर वजन ठेवलेलं, लोखंडाचे ठोकळे संपले म्हणून काहींवर दगड, एकावर चक्क पाण्यानं भरलेला तांब्या. फरशी धुतलेली. टेबलपंखा घरघरत होता. आणि माझी डबी फळीवर नव्हती. ती खिडकीच्या कट्ट्यावर होती, इस्त्रीच्या रुमालाच्या घडीवर ठेवलेली, माझ्या नाकापासून हातभर अंतरावर. ज्या माणसानं कागद उडतात म्हणून कधी खिडकी उघडली नाही, त्यानं चार दिवस ती उघडी ठेवून, दगडगोटे गोळा करून काम रेटलं होतं. मेहुणीची नवी नोकरी, तिची परीक्षा, तिनं मोजायला आणलेली हवा चांगली निघाली पाहिजे. बंद ठेवायला सांगितलं आहे हे त्यांना पाठ होतं. पण बंद घरात कुणी पाहुण्याला बसवतं का?

आता मी काय केलं ते सांगते. मी तिथेच वाकून 'अहो भाऊजी, हे काय' असं म्हणायला हवं होतं. ते ओशाळले असते, आम्ही दोघं हसलो असतो, मी नवी डबी ठेवली असती आणि मुदत चुकली असती. मी म्हणाले नाही. मी पाऊल न वाजवता फाटकापर्यंत मागे गेले, कडी दोनदा जोरात वाजवली आणि तीसपर्यंत आकडे मोजले. खिडक्या लागल्याचा आवाज ऐकला, पंखा थांबला. मग पुढून आले. भाऊजी जिन्यात धापा टाकत उभे होते. डबी फळीवर होती, रुमाल नव्हता. मी डबी बंद केली. फॉर्मवर एक ओळ असते, चाचणीच्या काळात घर बंद होते का, आणि पुढे होय किंवा नाही यावर खूण करायची. मी 'होय'वर केली. त्यांच्यासमोर केली. ते पाहून त्यांचा चेहरा असा काही खुलला की मला वाटलं, चला, कुणाचं काय बिघडलं.

आकडा बासष्ट आला. माझी नोकरी पक्की झाली. भाऊजींनी अहवाल पुठ्ठ्यावर चिकटवून, कडेला निळं कापड लावून, कामाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर टांगला. बांधायला पुस्तकं घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवायचे, आमच्या मेहुणीबाईंनी मोजलंय, पहिल्या नंबरानं पास. तू त्यावरून त्यांची थट्टा करायचीस. मला एकदा म्हणालीस की बाबांना माझ्या गुणपत्रिकेचं एवढं कौतुक नाही. मी हसले. खरं म्हणजे त्या भिंतीकडे पाठ करून बसता येईल अशीच खुर्ची मी त्या खोलीत कायम शोधली.

घर खरंच बंद ठेवून मोजलं असतं तर आकडा किती आला असता, हे मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं. वर्षभरानं, हात जरा बसल्यावर, मी एकदा त्यांना म्हटलं की आता तीन महिन्यांची डबी ठेवू, ती जास्त खरं सांगते. ते भिंतीकडे बोट करून म्हणाले, पास झालेल्याची पुन्हा कसली परीक्षा. मी आग्रह धरला नाही. मला हायसं वाटलं, हे लिहायला लाज वाटते पण तसंच झालं. नंतर मी बढत्या घेतल्या. आज कार्यालयातल्या नव्या लोकांना मीच शिकवते, आणि खिडकी बोटभर उघडी दिसली तरी चाचणी रद्द करते म्हणून सगळे माझ्या नावानं बोटं मोडतात. दोन हजारांच्या वर घरं झाली असतील. त्या सगळ्यांत एक घर मी डोळ्यांत तेल घालून टाळलं. भाऊजी आणखी नऊ वर्षं त्या खोलीत काम करत राहिले. दिवसाचे दहा तास, खिडक्या बंद.

मग त्यांना कॅन्सर झाला आणि तू तो सिगारेटच्या खाती टाकलास. तुझा दोष नाही. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता. त्यांनी तुझ्या नवव्या वर्षी सिगारेट सोडली. तू पाकीट बादलीत बुडवलंस आणि दिवसभर जेवली नाहीस म्हणून सोडली. पुन्हा कधीही ओढली नाही. तुला संशय होता की तळघरात चोरून ओढतात. बुटके, त्या खोलीत रद्दी, सरस आणि कापडाचे तागे होते, तिथे ते काडी पेटवू देत नसत, स्वतःला तर नाहीच. पण हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तू मला म्हणालीस की त्यांनीच ओढवून घेतलं आहे, आणि त्यानंतरचे अकरा महिने तू त्यांच्याशी एखाद्या नर्ससारखी वागलीस. वेळेवर औषध, वेळेवर जेवण, एकही चूक नाही आणि एकही जास्तीचा शब्द नाही. मी ते रोज पाहत होते. दोन वाक्यं बोलले असते तर तुझ्या मनातला तो राग निम्मा तरी उतरला असता. मी बोलले नाही. कशामुळे झालं हे नेमकं कुणीच सांगू शकत नाही. जुन्या सिगारेटचा वाटा किती आणि तळघराचा किती हे कुठल्याही तपासणीत निघत नाही. हे खरं आहे, आणि या खऱ्याच्या आड मी चार वर्षं आरामात लपले.

हातावर हात ठेवून बसले होते असं मात्र नाही. भाऊजी गेल्यावर मी ताईच्या गुडघ्यांचा एवढा गवगवा केला की तिलाच वाटायला लागलं आपल्याला जिना झेपत नाही. तिला माझ्या शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आणलं. तिचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत. बाजारात ती पुढे असते आणि मी मागे. घराला भाडेकरू आले तेव्हा तळघरात ओल आहे, तिथे फक्त सामान ठेवू द्या, हे मीच तिच्या गळी उतरवलं. ओल नव्हती. असं इकडून तिकडून, खोटं बोलत बोलत, मी त्या खोलीतून माणसं बाहेर काढत राहिले आणि मोजलं मात्र नाही. मोजलं असतं तर आकडा कळला असता. मला आकडा नको होता. गेल्या वर्षी तुमच्या डाव्या हाताच्या घराचा अहवाल कार्यालयात आला, सातशे ऐंशी. त्यावरून तुमच्याकडेही तसंच असेल असं मुळीच नाही, भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांत जमीन-अस्मानाचा फरक निघतो. पण तो कागद मी दोन दिवस खाली ठेवू शकले नाही. आणि आता तू त्या घरात परत राहायला आलीस आणि लिहितेस की खालच्या खोलीला फिकट पिवळा रंग देतोय.

तेव्हा आता कामाचं. पत्राबरोबर खोक्यात डब्या आहेत. रंगाऱ्याला सांग की चार महिने थांब; रंगाच्या वासानं चाचणी बिघडते असं काहीतरी ठोकून दे, त्याला चालेल. पाळणा आणि तुझं टेबल वरच्या खोलीत. मोठी चपटी डबी खाली, मी वर लिहिलं तसं, खिडक्या बंद, चार दिवस. छोट्या काळ्या डब्या दोन आहेत, एक तळघरात आणि एक तुम्ही झोपता त्या खोलीत, तीन महिने. त्यांच्या आतल्या चकतीवर किरणांचे ओरखडे उमटतात आणि खरं काय ते त्याच सांगतात. मला बोलावू नकोस. माझी सही त्या घराच्या कागदावर पुन्हा नको. डब्यांवर पत्ता आहे, थेट प्रयोगशाळेत पाठव. आकडा शंभराच्या आत आला तर खुशाल पिवळा रंग दे. शंभर ते तीनशे आला तर दुरुस्ती करून घेतलेली बरी. तीनशेच्या वर असेल तर करायलाच हवी, पण घाबरून घर विकायला काढू नकोस. फरशीला भोक पाडून खाली एक नळी सोडतात, ती छपराच्या वरपर्यंत नेतात आणि तिला एक छोटा पंखा जोडतात. तो खालची हवा आत येण्याआधीच ओढून बाहेर टाकतो. भेगा बुजवतात. गवंडी आणि वायरमन मिळून दोन दिवसांचं काम. मग पुन्हा मोजायचं. नुसत्या खिडक्या उघडून भागत नाही, त्या बंद केल्या की सगळं पहिल्यासारखं होतं. घर वाईट नाही, बुटके. चौदा वर्षांपूर्वी दोन दिवसांत नीट झालं असतं असं ते घर आहे.

हे सगळं मी तुला अर्ध्या पानात लिहू शकले असते आणि बासष्टबद्दल 'जुना अहवाल आता धरत नाहीत' असं म्हणून मोकळी झाले असते. परवा रात्री तसं लिहिलंही होतं, फाडलं. कारण एक गोष्ट अजून राहिली आहे. भाऊजी जायच्या आठवडाभर आधी घरी आलेले डॉक्टर त्यांना विचारत होते की घरात कधी रेडॉन मोजला होता का, आणि ते माझ्याकडे हात करून म्हणाले की ह्यांनी मोजलाय, उत्तम आला होता. डॉक्टर गेले. तू औषधं आणायला खाली गेली होतीस. त्यांनी मला जवळ बसवलं आणि म्हणाले, "त्या वेळी खिडक्या मी उघड्या ठेवल्या होत्या. तू यायच्या आधी लावून घेतल्या. तुला फसवलं मी." मग म्हणाले, "बुटकीला सांगू नकोस. सिगारेटचा राग तिच्या सवयीचा झालाय. घराचा राग आला तर ती या घरात परत यायची नाही." आणि मग त्यांनी माझी माफी मागितली. मला एवढंच म्हणायचं होतं की मी पाहिलं होतं, कडी मी मुद्दाम वाजवली होती, 'होय' मी लिहिलं होतं. त्यांनी आयुष्यात एकदा कुणाच्या भल्यासाठी लबाडी केली आणि ती मी त्यांच्या गळ्यात बांधून ठेवली. जिन्यात तुझी पावलं वाजली तशी मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "असू दे भाऊजी, तुम्हाला काय माहीत." त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले की आता बरं वाटलं. तो अहवाल खोटा आहे असं आज मी कार्यालयाला लेखी कळवलं आहे, आणि हे पत्र पेटीत टाकून ताईकडे सांगायला जाणार आहे. तू माझ्याशी बोलायचं की नाही ते तुझं तू ठरव; बाळाला आजी म्हणायला ताई आहे. पण बाबांवरचा राग सोड. माफी त्यांनी मागायची नव्हती, बुटके, आणि मी ती त्यांना दिली.

तुझीच, ठेवशील तोवर,
मावशी